हॉरर कॉमेडीचा ओपनिंग सीन कसा उलगडायचा: श्वासापासून कटपर्यंत

गणपतीला भाची आली होती ठाण्याहून. मास मीडियाला आहे ती, आणि कॉलेजात असाइनमेंट दिलेली की एका हॉरर कॉमेडीचा ओपनिंग सीन घ्या आणि त्यातलं फिल्ममेकिंगचं टेक्निक उलगडून दाखवा. तिने लिहिलेलं मला वाचायला दिलं, म्हणाली मावशी तू एवढे सिनेमे बघतेस तर जरा बघ ना. "लो अँगलमुळे भीती निर्माण होते. निळ्या प्रकाशामुळे वातावरण गूढ होतं. पार्श्वसंगीत परिणामकारक आहे. विनोदही उत्तम जमला आहे." असं दोन पानं. चुकीचं त्यात काही नव्हतं, पण हे कुठल्याही सिनेमाच्या कुठल्याही रात्रीच्या सीनला चिकटवलं असतं तरी चाललं असतं, आणि भीतीबद्दल दीड पान आणि विनोदाला शेवटची एक ओळ, म्हणजे जणू दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळे सीन काढून जोडलेत. मग आम्ही दोघी तीन रात्री त्याच अडीच मिनिटांवर बसलो आणि त्यातून एक पद्धत बसत गेली, ती इथे लिहितेय, कुणाला असाइनमेंटला, शॉर्टफिल्मला किंवा नुसतं नीट बघायला उपयोगी पडेल.

सिनेमाचं नाव देत नाही कारण तिची असाइनमेंट अजून तपासून यायची आहे, पण सीन सांगते म्हणजे पुढचं कळेल. रात्र आहे, झाडीतला रस्ता, दोन मित्र, मोटरसायकलचं पेट्रोल संपलंय. एकाची चप्पल तुटलीय म्हणून तो मागच्या सीटवर बसून राहिलाय आणि दुसरा हँडल धरून गाडी ढकलत चाललाय आणि तोंडाने बडबड चालू. थोड्या वेळाने ढकलणारा वैतागून म्हणतो, काय खाल्लंस रे एवढं, गाडी आधीपेक्षा जड झालीय. आणि मग लांबून, मागच्या अंधारातून, मित्राची हाक येते की अरे थांब ना, मला सोडून कुठे चाललास. ढकलणारा थांबतो. मागे बघत नाही. टायटल.

आता पद्धत.

पहिल्यांदा बघताना वही घ्यायची नाही आणि एकट्याने बघायचं नाही. घरात गणपती होता त्यामुळे माणसांची कमी नव्हती, ओटीवर टीव्हीला लॅपटॉप जोडला, काका, वहिनी, चार पोरं, आई, सगळ्यांना बसवलं. आणि एक काम नक्की करा, मोबाइलवर व्हॉइस रेकॉर्डर चालू करून कोपऱ्यात ठेवा. त्यात सिनेमाचा आवाज पण येतो आणि माणसांचा पण, म्हणजे नंतर हेडफोन लावून ऐकलं की कुठल्या सेकंदाला कोण हसलं, कुठे सगळे गप झाले, कुठे वहिनीने "अगोबाई" केलं ते डायलॉगच्या शेजारी ऐकू येतं. हे एवढ्यासाठी की भीती आणि हसू दोन्ही आधी अंगात होतं, डोक्यात नंतर. श्वास धरला की भीती, श्वास सुटला की हसू, आणि हॉरर कॉमेडीवाल्याचं सगळं कसब धरायचं कधी आणि सोडायचं कधी यात असतं. त्यामुळे आपल्याला पहिल्यांदा हवी असते ती श्वासाची यादी. कागदावर नुसते आकडे लिहा, 0:52 हसले, 1:47 पोरं गप, 1:59 मोठे हसले, 2:09 सगळे गप. टेक्निकचा एकही शब्द अजून लिहायचा नाही.

मग उलटं चालायचं. प्रत्येक खुणेच्या आधीची दहा सेकंदं परत परत बघायची आणि शोधायचं की असं काय केलं होतं ज्यामुळे हे झालं. बहुतेक जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत शॉट लिहीत जातात आणि मग तीस शॉटची यादी होते आणि अर्थ कशालाच नसतो. परिणामापासून मागे गेलं की फक्त कामाच्या गोष्टी हाताला लागतात.

हे करायला लॅपटॉप बरा, मोबाइलवर बोटाने सीन मागे-पुढे करताना नेमकी जागा सापडत नाही. विंडोजवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर पॉज करून ई दाबायचं, एक एक फ्रेम पुढे जाते. युट्यूबवर कॉम्प्युटरवरून बघत असाल तर पॉज केल्यावर फुलस्टॉपचं बटण एक फ्रेम पुढे आणि कॉमाचं एक फ्रेम मागे नेतं. सिनेमा साधारण सेकंदाला 24 फ्रेमचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा फरक हा 12 फ्रेमचा फरक, आणि विनोदात 12 फ्रेम पुष्कळ असतात. वहीत उभ्या रेघा मारून रकाने करा, वेळ, काय दिसतं, काय ऐकू येतं, कोणाला काय माहितीये, आणि शेवटी श्वास. चौथा रकाना लोक करतच नाहीत, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा, त्याच्याकडे येते.

पण त्याआधी संकासुराबद्दल लिहिते, कारण भाचीला हे सगळं खऱ्या अर्थाने कळलं ते तिथून.

आमच्याकडे वेंगुर्ल्याच्या बाजूला जत्रेत दशावताराचं लोकनाट्य लागतं. देवळासमोर मांड, म्हणजे खेळाची जागा, एक लाकडी बाक, बाजूला पायपेटी, पखवाज, झांज, आणि मुख्य आख्यान सुरू व्हायच्या आधी आडदशावतार, त्यात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी, भटजी, सरस्वती, आणि मग वेद पळवणारा संकासूर. डोक्यापासून पायापर्यंत काळा, तोंडावर पण काळं, आणि त्यातून लोंबणारी लाल जीभ. मी लहान असताना पहिल्या रांगेत मांडी घालून बसायचे आणि तो आला की सरकत सरकत आईच्या मांडीत. तो येऊन नुसता उभा राहायचा, पखवाज थांबायचा, सगळा मांड चिडीचूप. आणि मग तो काळा जीभवाला राक्षस मालवणीत बोलायला लागायचा, पहिल्या रांगेतल्या कुणाला तरी विचारायचा, "काय रे, भियालंस? घराकडे सांगून इलंस मां?" आणि अख्खा मांड हसायचा. मी पण हसायचे, पण आईचा पदर मुठीत तसाच असायचा. हसताना सुद्धा मी तो सोडलेला नसायचा.

तो पदर म्हणजेच हॉरर कॉमेडी. बोलणं विनोदी झालं पण जीभ लोंबतेच आहे, काळं रूप तिथेच उभं आहे, त्यामुळे हसताना शरीराचा एक भाग अजून घाबरलेलाच राहतो. उद्या संकासुराने मुखवटा काढून जोक सांगितला तर नुसती कॉमेडी होईल. म्हणून ओपनिंग सीन उलगडताना मी एकच प्रश्न सगळीकडे लावते, की माणसं हसली त्या क्षणी भीतीची कुठली गोष्ट तशीच शिल्लक ठेवली होती? फ्रेममध्ये होती, आवाजात होती, की आपल्या डोक्यात होती? ज्या सिनेमात या प्रश्नाला उत्तर सापडत नाही तिथे भीती आणि विनोद पाळीपाळीने येतात, आधी एक सीन घाबरवायचा मग एक हसवायचा, आणि मला ते कच्चं काम वाटतं.

आता फ्रेम. फ्रेमबद्दल लिहिताना आपण जे दिसतं ते लिहितो, अँगल, क्लोजअप, लाँग. त्यापेक्षा काय दाखवलेलं नाही ते आधी लिहा. 2004 चा एडगर राईटचा शॉन ऑफ द डेड आहे ना, त्याची सुरुवात पबमध्ये होते, हिरो आणि त्याची गर्लफ्रेंड बोलतायत, तिची तक्रार की आपण दोघं कधी एकटे नसतोच, तुझा तो मित्र सतत बरोबर, आणि आपल्याला वाटतं ही दोघंच बसलीयत, आणि मग कळतं की तो मित्र तिथेच मागे मशीनवर गेम खेळतोय, आणि मग तिच्या मैत्रिणीचा विषय निघतो तर तीही आणि तिचा बॉयफ्रेंड तिथेच, शेजारीच बसलेत. एकही झोंबी अजून आलेला नाही. पण प्रेक्षकाला शिकवून झालंय की या सिनेमात चौकटीच्या जरा बाहेर कोणीही असू शकतं आणि ते आपल्या अगदी जवळ असू शकतं. पहिल्या सीनमध्ये त्याने हसवलं, आणि नेमकी हीच युक्ती भुताच्या सिनेमात घाबरवायला वापरतात. मला या सुरुवातीचं फार कौतुक वाटतं, कारण पुढच्या सगळ्या सिनेमाचं व्याकरण तिथे एका भांडणात बसवलंय.

आमच्या मोटरसायकलवाल्या सीनमध्ये पण तेच. आधी वाइड शॉट आहेत, गाडी पूर्ण दिसते, मागे बसलेल्याचे पाय लटकताना दिसतात, तुटकी चप्पल हातात. आणि बरोबर 1:47 ला कट मारून ढकलणाऱ्याच्या चेहऱ्यावर क्लोजअप, आणि मागची सीट फ्रेमच्या बाहेर. कॉमेडी बहुतेक वेळा लांबून बघायला बरी लागते, कारण माणसाचं अख्खं शरीर दिसावं लागतं, पडताना, घसरताना, अवघडून बसताना. आणि भीतीला फ्रेमची कड लागते, तिच्या पलीकडे काय आहे ते न कळणं लागतं. त्यामुळे वाइडवरून क्लोजअपला कट कुठे झाला ते आधी शोधा, बऱ्याचदा सीन तिथेच कूस बदलतो. आमच्या यादीत 1:47 ला "पोरं गप" असं होतं, आणि आम्हाला पहिल्या रात्री कळेचना की पोरंच का, मोठे का नाहीत.

उत्तर चौथ्या रकान्यात सापडलं. कोणाला काय माहितीये. 1:47 च्या आधीचा वाइड शॉट फ्रेम फ्रेम करत बघितला तर मागे, फोकसच्या बाहेर, मित्र हळूच सीटवरून उतरून झाडीकडे जाताना दिसतो, लघवीला. अगदी कडेला, अंधारात, कॅमेरा त्याच्याकडे लक्ष देत नाही, डायलॉग चालूच. पोरांचं लक्ष डायलॉगकडे नव्हतं त्यामुळे त्यांनी ते टिपलं, मोठी माणसं बोलणं ऐकत होती त्यांचं निसटलं. म्हणजे एकाच ओटीवर दोन प्रकारचे प्रेक्षक तयार झाले, पोरांना माहिती होतं की सीट रिकामी आहे, मोठ्यांना नव्हतं. त्यामुळे "गाडी जड झालीय" हे वाक्य मोठ्यांना विनोद लागला आणि पोरांना भीती. एकच वाक्य. दिग्दर्शक हिचकॉकने दुसऱ्या एका दिग्दर्शकाला, त्रुफोला, सांगितलेलं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण सिनेमाच्या अभ्यासात सगळीकडे येतं, की बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच दाखवून ठेवलं तर पंधरा मिनिटांचा सस्पेन्स. इथे दिग्दर्शकाने दोन्ही एकाच वेळी केलंय, निम्म्यांना बॉम्ब दाखवला, निम्म्यांना नाही. म्हणून या रकान्यात प्रत्येक शॉटला तीनच गोष्टी लिहा, पात्राला काय माहिती, प्रेक्षकाला काय माहिती, आणि भुताला काय माहिती. तिसरं ऐकायला विचित्र वाटेल पण लिहून बघा, खूप गोष्टींची उकल होते.

याच रकान्यात अजून एक गोष्ट येते, ती म्हणजे प्रेक्षक कुठला. 2024 चा आदित्य सरपोतदारांचा मुंज्या घ्या, हिंदी सिनेमा पण गोष्ट कोकणातली आणि सुरुवात 1952 मधली. एक पोरगा वयाने मोठ्या मुलीच्या प्रेमात, त्याची मुंज होते, आणि रात्री तो बहिणीला घेऊन चेटूकवाडीला जातो, तिथे त्याचा मृत्यू. (ज्यांनी बघितला नाही त्यांना सॉरी, पण ही सुरुवातच आहे.) आता ज्याच्या आजीने सांगितलंय की मुंज झाली आणि सोडमुंज, म्हणजे ब्रह्मचर्य संपवणारा विधी, व्हायच्या आधी मुलगा गेला तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, त्याला तो गोटा केलेला पोरगा रात्री बाहेर पडलेला बघूनच पोटात खड्डा पडतो. ज्याला हे काहीच माहीत नाही त्याला तोच गोटा आधी गमतीदार दिसतो, हट्टी पोरगं, मोठ्या मुलीशी लग्न करायचं म्हणून बसलेलं. सिनेमाला दोघांनाही बरोबर न्यायचंय. तुम्ही ती सुरुवात उलगडायला घेतलीत तर वहीत दोन रंगांची पेनं वापरा, एक आतल्या प्रेक्षकाचं, एक बाहेरच्याचं, आणि बघा दोघांचा श्वास कुठे एकत्र धरला जातो. ती जागा सापडली की तुमच्या लेखाचा गाभा सापडला.

वस्तूंचं पण तसंच. आमच्या सीनमधली तुटकी चप्पल भाचीने "विनोदी प्रॉप" म्हणून लिहिली होती. आमच्या बाजूच्या आरवली गावच्या वेतोबा देवाला भल्यामोठ्या चपला वाहतात, तो रात्री राखण करत फिरतो आणि त्या झिजतात अशी श्रद्धा आहे, त्यामुळे आमच्याकडच्या माणसाला रात्रीच्या रस्त्यावर एक चप्पल दिसली की ती नुसती चप्पल राहत नाही. दिग्दर्शकाच्या मनात हे होतं असं मी म्हणणार नाही, अ‍ॅनालिसिसमध्ये दिग्दर्शकाच्या मनातलं लिहूच नये, पडद्यावर काय आहे आणि ते कोणाला कसं लागतं एवढंच लिहावं. "दिग्दर्शकाला असं सुचवायचंय" हे वाक्य दिसलं की खोडा.

आवाज. दोन वेळा बघायचं, एकदा आवाज पूर्ण बंद करून आणि एकदा लॅपटॉप उलटा फिरवून नुसतं ऐकत. आवाज बंद केला की कळतं विनोद किती बोलण्यात आहे आणि किती अंगात. आमच्या सीनमध्ये आवाज बंद केल्यावर पहिला विनोद तसाच राहिला (चप्पल हातात घेऊन राजासारखा बसलेला मित्र), दुसरा पूर्ण गेला, नुसता एक घामेजलेला चेहरा आणि भयानक भीती. म्हणजे दुसऱ्या विनोदाचा सगळा भार आवाजावर होता. नुसतं ऐकताना आम्ही एक एक आवाज लिहून काढला, चेन खडखडते, चाकाखाली पाला, ढकलणाऱ्याचा श्वास, लांब कुत्रा, रातकिडे, सीटची स्प्रिंग. सीटची स्प्रिंग! मित्र उतरतो तेव्हा ती एकदा करकरते, आणि 1:55 ला परत एकदा करकरते. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. हा आवाज बहुतेक शूटिंगवेळचा नसणारच, असे आवाज नंतर स्टुडिओत मुद्दाम करून घालतात, त्याला फोली म्हणतात, म्हणजे कोणीतरी बसून ठरवलंय की इथे सीट करकरली पाहिजे.

दचकवायचा आवाज आणि भीतीचा आवाज यात फरक करा. 1942 च्या कॅट पीपलमध्ये एक बाई रात्री पार्कच्या भिंतीकडेने चाललीय, मागे पावलं वाजतात, मग पावलं थांबतात, ती घाबरून भरभर चालते, आणि एकदम बाजूने बस येऊन ब्रेक मारते, त्या ब्रेकच्या फुस्स आवाजाला थिएटरात लोक उडायचे. निर्माता व्हॅल ल्यूटन, त्याच्या नावावरून या युक्तीला आजही ल्यूटन बस म्हणतात. आमच्याकडे रात्रीच्या शेवटच्या एसटीचा एअर ब्रेक तिठ्यावर वाजतो तेव्हा मला दर वेळी तेच आठवतं. यात गंमत अशी की दचकल्यावर माणूस लगेच हसतो, अरे बसच होती. म्हणजे हा दचकाच मुळात अर्धा विनोद आहे, आणि म्हणून हॉरर कॉमेडीवाल्यांना तो फार आवडतो. तुमच्या सीनमध्ये असा खोटा दचका असेल तर बघा की त्याच्यानंतर खरी भीती किती सेकंदांनी येते, कारण हसून मोकळा झालेला माणूस बेसावध असतो.

म्युझिकवर मी फार वेळ घालवत नाही. एवढंच तपासा की म्युझिक विनोदाच्या आधी येतं का नंतर. आधी टुणटुण वाजवून "आता हसा" सांगणारं म्युझिक मला सहन होत नाही, ते श्वास आधीच सोडून टाकतं. आमच्या सीनमध्ये म्युझिक टायटलपर्यंत नाहीच, आणि ते मला फार आवडलं.

लाईट. "निळा प्रकाश गूढ वाटतो" असं लिहू नका, उजेड कुठून येतोय ते लिहा. कोकणातल्या अमावस्येला माडाच्या बागेत उभे राहिलात तर स्वतःचा हात दिसत नाही, सिनेमात तसं चालत नाही, काहीतरी दिसावं लागतं, म्हणून निळसर चांदणं हा सिनेमावाल्यांनी मानून घेतलेला अंधार आहे. फ्रेममध्येच दिसणारा दिवा असेल, कंदील, बॅटरी, हेडलाईट, तर तो कोणाच्या हातात आहे आणि कोणाकडे तोंड करून आहे ते बघा. आमच्याकडे हेडलाईट पुढे, म्हणजे ज्या दिशेला धोका नाही तिथे भरपूर उजेड आणि मागे, सीटवर, काळोख. ढकलणारा उजेडाकडे बघत चाललाय म्हणून निवांत आहे. हे एक वाक्य भाचीच्या आधीच्या अख्ख्या परिच्छेदापेक्षा जास्त सांगतं.

एडिटिंगसाठी कट मोजा, पण सरासरीवर थांबू नका. सीन 2:36 चा, म्हणजे 156 सेकंद, शॉट 13, सरासरी 12 सेकंदांचा शॉट. यातून काय कळलं? काही नाही. पण यादी बघितली तर पहिल्या दहा शॉटनी 107 सेकंद घेतलेत आणि अकरावा, तो क्लोजअप, एकटा 31 सेकंदांचा आहे. म्हणजे आधी दहा-अकरा सेकंदांनी कट मिळायची सवय लावली, आणि मग तो द्यायचं बंद केलं. कट हा पण श्वासासारखाच, मिळाला की आपण सैल होतो. आणि शेवटी हाक आल्यावर तो मागे वळत नाही, कॅमेरा पण मागे जात नाही. मागे काय आहे ते दाखवलं असतं तर बहुतेक जण हसले असते किंवा किंचाळले असते, न दाखवल्यामुळे दोन्ही अडकून राहिलं आणि त्या अडकलेल्या श्वासावर टायटल आलं.

लिहिताना प्रत्येक वाक्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत, पडद्यावर काय झालं, कुठल्या क्षणी, आणि त्याने बघणाऱ्याचं काय झालं. "क्लोजअपचा प्रभावी वापर" याऐवजी "1:47 ला क्लोजअपवर कट केल्यामुळे मागची सीट चौकटीबाहेर जाते, आणि तिच्यावर कोण आहे हे ठरवायचं काम आपल्यावर पडतं." तेरा शॉटमधले तीनच घ्या आणि त्यांच्यावर मनापासून लिहा, बाकीचे सोडून द्या, सगळं लिहायचा हट्ट केला की परत ती यादी होते.

भाचीचं लिहून होत आलं होतं, पण माझा तो एक प्रश्न तसाच अडकून होता. 1:59 ला मोठी माणसं हसली तेव्हा पदर कुठला? पोरांना रिकामी सीट माहिती होती, ठीक, पण ज्यांना काहीच माहिती नव्हतं ते सुद्धा हसून झाल्यावर सैल झाले नव्हते, रेकॉर्डिंगमध्ये हसू मध्येच तुटल्यासारखं येत होतं. स्प्रिंगची करकर होती, पण ती एवढी बारीक की आम्हालाच चौथ्यांदा ऐकू आलेली.

तिसऱ्या रात्री आम्ही परत तो तुकडा लावला होता आणि आई मागे बसून दूर्वा निवडत होती. तिला हिंदी भरभर बोललं की कळत नाही, जोक तिच्यापर्यंत पोचलेलाच नव्हता. जड झालीय वगैरे वाक्य झालं, भाची सवयीने हसली, आणि आई मान वर न करता म्हणाली, "किडे गप झाले. कोणतरी इला."

आम्ही पॉज केलं. आईने आयुष्यभर मागच्या पडवीत बसून हेच ऐकलंय, बेड्याशी, म्हणजे आवाराच्या फाटकाशी, कोणी आलं की रातकिडे थांबतात, कुत्र्याच्याही आधी. हेडफोन लावले, मागे नेलं, आवाज पूर्ण वाढवला. सीनच्या पहिल्या सेकंदापासून चालू असलेले रातकिडे विनोदाच्या शेवटच्या शब्दाखाली बंद होतात आणि परत चालू होत नाहीत, आणि थिएटरात ते कोणाला कळू नये म्हणून नेमके तिथे बंद केलेत जिथे सगळे हसत असणार. आम्ही दोन रात्री कुठले आवाज आहेत ते लिहीत बसलो होतो, कुठला थांबला ते लिहायचं सुचलंच नव्हतं. आता माझ्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे, तुम्ही पण करा.

भाचीने पहिलं पान फाडलं आणि नवीन पानावर सुरुवात केली, "एक मिनिट एकोणसाठ सेकंदांनी रातकिडे थांबतात."